मामाजींसाठी फासळ्या : दसऱ्यापासून धुळवडीपर्यंत

७ ऑक्टोबर २०२४ ला मामाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, शेवटचे सहा दात काढले. हिरड्या भरायला तीन महिने लागतील, त्यानंतरच कवळीचं माप घेऊ, असं डॉक्टरांनी सांगितलं. वय ७४. वरूड तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांच्या वयाचे जे तीन-चार जण उरलेत, ते अजून पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मटण आणि धुळवडीला डुकराचं मटण ठरवून खातात. मामाजी त्या पंगतीतले पहिले. दिवाळीत सगळे जेवत होते आणि ते दूध-भाकर कालवून खात होते. कुणी काही बोललं नाही. त्यांनीही नाही.

दिवाळीला माझे लहान दीर पुण्याहून आले. त्यांनी खोली बदलली होती, तिथला जुना ओव्हन सोबत आणला. ४२ लिटरचा, २००० वॅटचा. बोलता बोलता म्हणाले, पुण्यात एका ठिकाणी डुकराच्या भाजलेल्या फासळ्या खाल्ल्या, हाड धरून ओढलं की मटण सुटून येत होतं. मामाजी ओसरीवर बसून ऐकत होते. फक्त एवढंच म्हणाले, "मले दात नाही, पन चव तं हाय."

मी तेव्हाच ठरवलं. सगळं नीट जमायला धुळवड उजाडली. मधल्या चार महिन्यांत जे कळलं ते सगळं लिहून ठेवते, कारण आपल्याकडं खेड्यात ओव्हन घेणारे आता पुष्कळ आहेत आणि अडचणी सगळ्यांच्या सारख्याच असतात.

आधी जागेचं सांगते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, डुकराचं खात नाहीत, स्वयंपाकघरात तर येऊच देत नाहीत. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. बैल विकल्यापासून मागचा कोठा रिकामा होता. तो झाडून सारवला, एक जुनं टेबल ठेवलं, भांडी, सुरी, पाट सगळं वेगळं केलं. ओव्हन तिथंच.

२ नोव्हेंबरला घरातून वायर ओढून ओव्हन लावला. वीस मिनिटांत बोर्डातून जळका वास आला. बघितलं तर सॉकेटचं प्लास्टिक मऊ होऊन काळं पडलेलं. साधं ६ ॲम्पियरचं सॉकेट होतं आणि २००० वॅटचा ओव्हन जवळपास ९ ॲम्पियर ओढतो. गावातल्या वायरमन भाऊंनी येऊन अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, १६ ॲम्पियरचं सॉकेट बसवलं, कोठ्यापुरता वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) दिला आणि अंगणात खड्डा करून मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलं. सगळे मिळून २,३५० रुपये झाले. ओव्हन लोखंडी असतो आणि कोठ्याची जमीन ओलसर राहते, म्हणून अर्थिंगशिवाय हात लावू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. मीही तेच सांगेन.

त्यांनीच वीजबिल मागितलं. त्यावर मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी, ०.५० किलोवॅट लिहिलेला होता. एका बल्बाच्या आणि पंख्याच्या काळातलं कनेक्शन. म्हणाले, भार वाढवून घ्या.

२५ नोव्हेंबरला तालुक्याच्या वीज कार्यालयात गेले. बिल आजेसासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन अठरा वर्षं झाली. आधी नाव बदला, मग भार वाढवता येईल, असं कळलं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या नोंदीचा उतारा), घरपट्टी भरल्याची पावती, मामाजींचं आधार आणि बाकी वारसांचं संमतीपत्र. वारसांमध्ये मामाजींच्या एक बहीण, त्या काटोलला. एक रविवार त्यांच्या सहीसाठी गेला. टायपिंग, मुद्रांक, नोटरी मिळून ९५० रुपये. ११ डिसेंबरला दोन्ही अर्ज एकदम दिले, सोबत वायरमनचा चाचणी अहवाल जोडला. १० जानेवारीला ३ किलोवॅटचा भार मंजूर झाल्याचं कळलं. तुमच्याही घरचं मीटर आजोबांच्या नावावर असेल तर ओव्हन घ्यायच्या आधीच हे काम उरकून टाका. कागदांचे दोन-दोन झेरॉक्स सोबत न्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. माझ्याकडं पोच होती म्हणून पुढच्या फेरीत नव्यानं काही द्यावं लागलं नाही.

पहिला प्रयत्न १९ जानेवारीला, रविवारी. तालुक्याहून दीड किलो डुकराचं मटण आणलं. फासळ्याच द्या म्हटलं, तर त्यांनी सवयीनं सत्तूरनं दोन-दोन बोटांचे तुकडे करून दिले. मसाला लावला, ओव्हन २०० अंशांवर ठेवला आणि तासाभरात काढलं. वरून रंग सुरेख, वास सगळ्या अंगणात. मामाजींसमोर ताटली ठेवली. त्यांनी एक तुकडा तोंडात घेतला, या गालातून त्या गालात फिरवला, बराच वेळ फिरवला. मग मान वळवून रुमालात काढून ठेवला आणि मला म्हणाले, "चव मस्त हाय वं पोरी." रुमालाची घडी मुठीत तशीच धरून होते. ती घडी माझ्या डोळ्यांसमोरून बरेच दिवस गेली नाही.

त्या आठवड्यात मी जमेल तेवढं वाचलं आणि चूक लक्षात आली. फासळीजवळचं मटण म्हणजे नुसता मऊ मांसाचा गोळा नसतो. त्यात कोलॅजनचे चिवट धागे असतात. आच मोठी केली म्हणून ते मोडत नाहीत. आतलं तापमान ७० अंशांच्या वर जाऊन तिथं बराच वेळ राहिलं, की ते हळूहळू विरघळून त्यांचं जिलेटीन होतं. पायाचा रस्सा रात्री गार झाल्यावर थिजतो ना, तेच. डुकराचं मटण आत ६३ अंशांना पोचून दोन-चार मिनिटं मुरलं की खायला सुरक्षित होतं, पण फासळी मऊ होते ती ९० च्या पुढं. मी तासाभरात फक्त शिजवलं होतं, मऊ केलंच नव्हतं. छोटे तुकडे असल्यामुळं पाणी उडून ते वरून वाळले ते वेगळंच.

शेजारच्या काकू म्हणाल्या, कुकरला तीन शिट्ट्या काढ. मऊ होतं, खरं आहे, पण अख्खी फासळी कुकरात मावत नाही आणि चव उकडलेल्या मटणाची येते. कच्ची पपईही लावून पाहिली, थोड्या मटणावर. बाहेरचा थर पिठूळ झाला आणि हाडाजवळ जसंच्या तसं. पपई आतपर्यंत पोचतच नाही.

याच वाचनात दुसरी एक गोष्ट कळली, ती जास्त महत्त्वाची आहे. गावात मोकळी फिरणारी डुकरं उकिरड्यावर, उघड्यावरच्या घाणीवर जगतात. त्यांच्या मांसात फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी असू शकतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या, पांढुरक्या. असं मांस कच्चं राहिलं तर पोटात फीतकृमी वाढतो. मग त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी न धुतलेल्या हातांतून, भाजीपाल्यातून दुसऱ्याच्या पोटात गेली तर मेंदूपर्यंत गाठी होतात, झटके येतात. म्हणून मटण घेताना उजेडात उलटून पाहा, दाणे दिसले तर घेऊ नका, आणि हात व पाट साबणानं धुवा. एकानं रानडुकराचं मटण आणून देतो म्हणून सांगितलं. आमच्या बागेत आणि कपाशीत रानडुकरं किती नासाडी करतात ते मला ठाऊक आहे, तरी स्पष्ट नाही म्हटलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुक्कर येतं. चोरून शिकार करणं गुन्हा, ते मटण घरात ठेवणंही गुन्हा.

चौकशी करता करता २८ किलोमीटरवर एका मुलाचं वराहपालन सापडलं. पांढरी यॉर्कशायर डुकरं, सिमेंटच्या गोठ्यात बांधलेली, मका आणि ढेप खाणारी. फासळ्यांचा भाव ३२० रुपये किलो. त्याला फोनवरच सांगितलं, "दादा, अख्खी पट्टी पाहिजे, एकही घाव घालू नका." कारण आपल्याकडं फासळी मागितली की तोडूनच मिळते. पाठीच्या कण्याजवळची फासळी आखूड, वाकडी आणि कमी चरबीची असते. पोटाकडची लांब, चपटी, चरबीदार. मी पोटाकडची घेतली. तीच जास्त ओलसर राहते.

९ फेब्रुवारीचा प्रयत्न. पावणेदोन किलोची पट्टी थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून आणली. सगळे घरी असताना गरम वाढावं म्हणून संध्याकाळी पाच वाजता ओव्हन लावला, १५० अंश, वरून फॉइल. दोन तासांनी बघते तर काहीच हललेलं नाही. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आकडा दिसतो, तो १७२. वायरमन भाऊंना फोन केला तेव्हा त्यांनी हिशेब समजावला. २३० च्या जागी १७२ व्होल्ट आले तर ओव्हनची कॉइल पाऊणपट नाही, जवळपास निम्मीच तापते. २००० वॅटचे ११०० वॅटच उरतात. आठ दहाला वीज गेली, नऊला आली. पावणेअकराला फासळी झाली. हाडापासून सुटत होती, पण आतला थर अजून ओढावा लागत होता. तोवर मामाजी दूध-भाकर खाऊन झोपले होते. मी उठवलं नाही.

त्यांची कवळी त्याच आठवड्यात आली होती. ९,००० रुपये, पाच फेऱ्या. खालच्या हिरडीला घासून फोड आला, म्हणून दोनदा झिजवून आणली. कवळी आली की सगळं खाता येईल अशी त्यांची आशा होती, ती नवीन कवळीनं लगेच पुरी होत नाही. आधी पंधरा दिवस मऊच खा, असं डॉक्टर सांगतात.

मग मी धुळवड धरली, १४ मार्च. मधल्या महिन्यात दोन वस्तू घेतल्या. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर ३०० ला आणि मांसात खुपसायचा ४५० ला. पहिल्याच दिवशी कळलं की बटण १५० वर असताना आत १२५ च असतात. ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका. माझ्या पैशांतला सगळ्यात कामाचा खर्च हाच.

तेरा तारखेला, होळीच्या दुपारी, १.९ किलोची पट्टी आली. फासळीच्या आतल्या, हाडाच्या बाजूला एक पातळ, चमकदार पडदा असतो. तो काढायलाच पाहिजे. तो शिजून कागदासारखा कडक होतो आणि मसालाही आत जाऊ देत नाही. टोकाच्या हाडावर चमच्याचा दांडा पडद्याखाली सरकवायचा, बोटभर सुटला की कोरड्या फडक्यात पकडून ओढायचा. नुसत्या बोटांनी सटकतो. माझा दोन तुकड्यांत निघाला, पण निघाला.

मसाला असा : मीठ दोन लहान चमचे भरून, गुळाची पावडर तीन मोठे चमचे, ब्याडगीचं तिखट दोन, भिवापुरी मिरचीचं अर्धाच, धने-जिऱ्याची पूड एक, मिरपूड आणि सुंठ अर्धा-अर्धा, वाटलेला लसूण. भिवापुरी आम्ही एरवी हात सैल सोडून घालतो, पण मामाजींच्या हिरडीवरचा फोड नुकताच भरला होता, म्हणून रंग ब्याडगीचा आणि तिखटपणा नावापुरता. चोळून पट्टी रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात.

सॉस होळीच्या संध्याकाळीच करून ठेवला. बाहेरचे लोक यात टोमॅटो, साखर आणि व्हिनेगर घालतात. आमच्या बागेत मृग बहाराची संत्री उतरत होती, ती सोडून मी दुसरं काय घालणार? सहा टोमॅटो, एक कांदा, आठ लसूण पाकळ्या शिजवून गाळल्या. त्यात १०० ग्रॅम गूळ, तीन मोठे चमचे व्हिनेगर, एक चमचा मोहरीची पूड, दोन लवंगा घालून मंद आचेवर चाळीस मिनिटं आटवलं. चार संत्र्यांचा रस अगदी शेवटच्या दहा मिनिटांत. आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की कडसर होतो, बी चिरडली गेली तर लगेचच. म्हणून बिया काढून, हातानं पिळून, तेव्हाच्या तेव्हा घातला.

धुळवडीला पावणेपाचला उठले. स्टॅबिलायझरवर २२६. त्या आकड्यानं जीव भांड्यात पडला. ट्रेमध्ये अर्धी वाटी पाणी, त्यावर जाळी, जाळीवर पट्टी, हाडं खाली. वरून फॉइलचे दोन थर, कडा ट्रेला चारही बाजूंनी घट्ट दाबून. वाफ बाहेर गेली तर फासळी वाळते, सगळी करामत या दाबण्यात आहे. साडेपाचला आत ठेवली, थर्मामीटरवर १४० अंश राहतील असं बटण फिरवून. मग तीन तास उघडायचं नाही. मी कोठ्याच्या उंबऱ्यावर चहा घेऊन बसले होते. गावातली पोरं रंगाच्या बादल्या घेऊन फिरत होती, मामाजी काठी टेकत दोनदा येऊन गेले.

"झालं काय वं?"

"नाही मामाजी, अजून दीड तास."

"काहून येवढा तरास घेतं?" असं म्हणून तिथंच खाटेवर बसले.

पावणेनऊला उघडलं. हाडांची टोकं मटणातून पाऊण बोट बाहेर आलेली. चिमट्यानं एका टोकाला धरून उचलली तर पट्टी कमानीसारखी वाकली आणि वरून भेगाळली. थर्मामीटर ९४. लोण्यात जावी तशी सुई आत गेली. हीच खूण लक्षात ठेवा, घड्याळ नाही. उचलल्यावर पट्टी ताठ राहिली तर परत झाकून अर्धा तास ठेवा.

जेवणं बाराला होती, म्हणून फॉइलसकट जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवली. साडेअकराला ट्रेमधला रस वरची चरबी काढून सॉसमध्ये मिसळला आणि पट्टीवर सॉस दोन हात लावला. एक हात लावून २०० अंशांवर दहा मिनिटं, परत दुसरा हात. सॉस आधी लावू नका, गूळ जळून कडू होतो.

धुराची चव ओव्हनमध्ये येत नाही, त्यासाठी धुंगार दिला. संत्र्याच्या बागेतली वाळलेली सल, म्हणजे सुकलेल्या फांद्या, जळणाला पडली होती, वासालाही गोड. पण तिच्यावर बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाची) फवारणी झालेली, म्हणून हात लावला नाही. बाभळीचा एक निखारा वाटीत, वाटी फासळीशेजारी परातीत, निखाऱ्यावर चमचाभर तूप, आणि वरून झाकण चार मिनिटं. हे उघड्या अंगणातच करा, बंद खोलीत निखारे ठेवू नका.

बारा वाजता मामाजी जेवायला बसले, कोठ्यातच. मी सुरीनं दोन हाडांच्या मधून कापायला गेले, तर हाड आपोआप हातात आलं, पांढरं स्वच्छ. मामाजींनी पाण्याची वाटी मागितली. मला वाटलं हात धुवायला. त्यांनी कवळी काढून त्या वाटीत ठेवली आणि वाटी ताटापासून जरा दूर सरकवली. मग बोटांनी मटण सोडवून तोंडात घातलं. या वेळी गालातून गालात फिरवलं नाही. जीभ टाळूला लावली आणि गिळलं. दुसरा घास घेतला. चौथ्या हाडाला त्यांनी डोळे मिटून चोखायला सुरुवात केली आणि मी तिथून उठून ट्रे घासायच्या निमित्तानं नळाशी गेले.

आत्याबाई स्वयंपाकघरातून ज्वारीची गरम भाकर घेऊन आल्या. कोठ्याच्या दारातच थांबल्या, आत आल्या नाहीत. हात लांब करून भाकर त्यांच्याकडं धरली आणि विचारलं, "चावते काय?"

मामाजींनी भाकर घेतली, ताटातल्या सॉसवर दाबून धरली.

"चावाच नाही लागत," ते म्हणाले.